उपजातीचा रकाना

पिवळा धोबी. इथवर शंका नाही.
शेपटी खालीवर, पोटाला हळदीचा पुसट हात,
वायंगणाच्या बांधालगत, पाणथळ पडीत
म्हशीच्या खुरामागून चालतो, थांबतो,
उडालेली माशी टिपतो.
एकोणीस जानेवारी, वाघोटणची खाडी, ओहोटी.
पुढचा रकाना: उपजात.
इथं पेन थांबतं.

पस्तीस वर्षं राजापुरात मी टपाल छाटलं.
अजूनही झोपेत सांगेन कुठली वाडी कुठल्या खणात.
'मुक्काम समुद्राजवळ' एवढ्यावर पाकिटं पोचवलीत,
पावसात शाई ओघळलेली सुद्धा.
आणि हे मागच्या उन्हाळ्यात जन्मलेलं पोर,
पंधरा ग्रॅमचं,
कुठल्याच खणात जात नाही.
डोकं धड राखी नाही, धड काळं नाही.
डावी भुवई पांढरी, ठळक.
उजवी अर्ध्यावर पुसलेली.
गळा पांढरा लिहावा तर ढग सरतो आणि तो पिवळा होतो.

पुस्तकात सहा चित्रं आहेत, ओळीने.
सहाही नर, सहाही मे महिन्यातले,
अंगावर लग्नातले कपडे.
आमच्याकडे येतात ते प्रवासातल्या कपड्यांत, चुरगळलेले.
माद्यांना एकच ओळ:
'वेगळ्या ओळखणे अवघड.'

फोटो पाठवले.
अलिबागचे शिर्सेकर म्हणाले, राखी डोक्याचा, वादच नाही.
मडगावच्या बाई म्हणाल्या, निळसर डोक्याचा, भुवई बघा की.
फोटो एकच होता.
दोघांनी बोट ठेवलं ते वेगवेगळ्या भुवईवर.

शेवंती घाडी म्हैस वळवायला आली.
'काय लिवतास एवढा?'
उपजात, म्हटलं.
ती थांबलीच. 'पाखरांतय पोटजाती?'
आहेत. कुणी दहा म्हणतं, कुणी तेरा.
'आणि लग्नां? एकमेकांत?'
होतात. तिकडे उत्तरेला, बर्फ वितळतं त्या दलदलीत,
एकाची हद्द संपून दुसऱ्याची लागते तिथं.
हद्द म्हणजे तरी काय,
शेकडो कोसांचा घोळ.
'मगे पोरांका काय म्हणतत?'

मी वही पुढे केली.
चष्मा नव्हता तिच्याकडे,
पण कोरं वाचायला चष्मा लागत नाही.

तिची धाकटी रत्नागिरीत असते.
कुणाच्या घरात गेली ते वाडीत मोठ्याने कुणी बोलत नाही.
नातू आता दीड वर्षाचा असेल.
मी विचारलं नाही.
ती काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ
त्या पाखराकडे बघत राहिली,
आधी एका बाजूने,
मग ते वळल्यावर दुसऱ्या.
'बरा दिसता,' म्हणाली.

मार्चात पिसं बदलतील, एकेक.
मानेवर रंग चढेल, पिवळं चकचकीत होईल,
एप्रिलच्या सुरुवातीला कदाचित आठ दिवस असे येतील
की मी छातीवर हात ठेवून नाव लिहीन.
पण त्याच आठवड्यात एका रात्री
सगळी पडी रिकामी होते.
दरवर्षी होते.
ओळख पटते तोवर निघालेले असतात.
आणि हा तर, मला वाटतं, चकचकीत झाल्यावरही
दोन भुवयांचाच राहील.

शेवटी रकान्यात नाव घातलं नाही.
लिहिलं: डावी भुवई पूर्ण, उजवी अर्धी,
गळा उन्हाप्रमाणे.
जागा पुरेना, अक्षरं शेजारच्या रकान्यात घुसली.
तो रकाना संख्येचा.
त्यातच कोपऱ्यात, दाटीवाटीने: एक.

म्हैस हलली.
तिच्यामागे तो,
त्याच्यामागे शेवंती, जरा अंतर ठेवून,
उडू नये म्हणून.